उभ्या बसचा खर्च

(ठाण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष, संघाचे पदाधिकारी आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'परिवहन उपक्रमाचा खर्च कसा वाचेल आणि सेवा कशी सुधारेल'. उपायांची यादी मी आणलीय, ती सांगणारच आहे. पण त्याआधी एक गोष्ट पटवून द्यायचीय, कारण ती पटली नाही तर यादी ऐकून काही उपयोग नाही.

बसचा हिशेब आपण किलोमीटरवर मांडतो. किलोमीटरमागे इतका खर्च, इतकं उत्पन्न, मधली तूट महापालिकेनं भरायची. दर वर्षी अंदाजपत्रकाच्या वेळी तेच वाचतो आणि तूट वाढली म्हणून हळहळतो. माझं म्हणणं असं, की शहरातल्या बसचा मोठा खर्च किलोमीटरचा नाहीच. तो तासाचा आहे. चालकाचा आणि वाहकाचा पगार तासांवर. गाडीच्या कर्जाचा हप्ता, विमा, डेपोतला कर्मचारीवर्ग, हे दिवसांवर. डिझेल किंवा वीज, टायर, ब्रेक लायनर, एवढंच काय ते किलोमीटरवर. म्हणजे कापूरबावडीच्या सिग्नलला बस चार मिनिटं उभी राहिली की तिचं वेटिंग रिक्षासारखं चालूच असतं. फक्त रिक्षाचं वेटिंग आत बसलेला भरतो. बसचं वेटिंग अख्खं शहर भरतं, जन्मात बसमध्ये पाऊल न टाकलेलेसुद्धा.

साधं गणित करू. समजा, स्टेशनवरून एक गाडी घोडबंदर रोडला जाऊन परत येते, टोकाला थोडी विश्रांती धरून तिला पूर्ण फेऱ्याला १२० मिनिटं लागतात. आपल्याला दर १० मिनिटांनी गाडी हवीय. मग गाड्या किती लागतील? बारा. आता हाच फेरा ११० मिनिटांत झाला तर? अकरा. दहा मिनिटं वाचली की एक अख्खी गाडी सुटली. ती दुसऱ्या मार्गावर घाला किंवा याच मार्गावर ठेवून दहाऐवजी नवव्या-दहाव्या मिनिटाला गाडी द्या. आणि एक गाडी म्हणजे नुसता पत्रा आणि इंजिन नव्हे. बारा मीटरची इलेक्ट्रिक गाडी कोटीच्या घरात जाते, ते वेगळंच. पण माणसं मोजा. सकाळ-दुपार दोन पाळ्या, आठवड्याचे सात दिवस, म्हणजे १४ ड्यूट्या. एक माणूस आठवड्यात सहा करतो. सुट्ट्या, रजा, आजारपण धरलं की एका गाडीमागे अडीच चालक आणि अडीच वाहक लागतात. पाच घरांचा पगार झाला. दहा मिनिटांची ही किंमत आहे.

(मागून प्रश्न: 'पण आता गाड्या ठेकेदाराच्या असतात ना?')

चांगलं विचारलंत, काका. मुंबईची बेस्ट घ्या, आपली ठाण्याची टीएमटी घ्या, खाडीपलीकडची नवी मुंबईची एनएमएमटी घ्या, सगळीकडे आता भाडेतत्त्वावरच्या गाड्या आहेत. गाडी ठेकेदाराची, उपक्रम त्याला किलोमीटरमागे ठरलेला दर देतो. वाटतं की उभ्या गाडीचे पैसे द्यावे लागत नाहीत. पण बऱ्याच करारांत रोजच्या किमान किलोमीटरची हमी असते. कोंडीत अडकून गाडीनं तेवढे किलोमीटर भरलेच नाहीत, तरी न धावलेल्या किलोमीटरचे काही पैसे मोजावे लागतात. आणि ठेकेदार काही खुळा नाही. टेंडर भरताना गाडी दिवसात किती धावेल हे तो बघतोच आणि त्याप्रमाणे दर लावतो. सावकाश चालणाऱ्या शहराला महाग दर पडतो.

आपल्या गावाचं एक आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला आली, याचा अभिमान आपल्याला शाळेपासून शिकवला जातो, आणि तो असावाच. पण शहराची स्वतःची बस यायला १९८९ उजाडलं. त्याआधी शहरात एसटीची लाल गाडी फिरायची, खोपटच्या डेपोतून. नवी मुंबईची बस तर १९९६ ची. म्हणजे आपली बससेवा वयानं तरुण आहे. इथं बसलेल्यांपैकी बहुतेकांनी नोकरी धरली तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती. तरुण संस्थेच्या सवयी बदलता येतात, म्हणून मी एवढ्या आशेनं बोलतोय.

आता माझ्या मनात वर्षानुवर्षं ठसठसत असलेली गोष्ट सांगतो. मी एका परिवहन उपक्रमात वेळापत्रक विभागात होतो. कोणत्या, ते सांगत नाही, कारण प्रश्न एका कार्यालयाचा नाही. एक मार्ग होता, स्टेशन ते एक मोठी वसाहत. त्याचा धावण्याचा वेळ कागदावर चाळीस मिनिटं. पहाटेची पहिली गाडी असो की संध्याकाळी सातची, चाळीस म्हणजे चाळीस. कधीतरी कुणीतरी ठरवलं होतं, मग मध्ये उड्डाणपूल आले, सिग्नल वाढले, टॉवर उभे राहिले, चाळीस मात्र हललं नाही.

पहाटे रस्ता मोकळा असतो, गाडी पंचवीस-तीस मिनिटांत पोचते. मग चालकानं काय करायचं? एकतर रमतगमत चालवायची, प्रत्येक थांब्यावर उगाच रेंगाळायचं, म्हणजे पहिल्या लोकलसाठी निघालेला माणूस आत बसून घड्याळाकडे बघत चरफडतो. नाहीतर लवकर पोचून टोकाला उभं राहायचं. आणि संध्याकाळी त्याच अंतराला तास-सव्वा तास लागतो. दोन फेऱ्यांत गाडी इतकी मागे पडते की शेवटची फेरी केली तर ड्यूटीचे तास उलटून जातात. मग ती फेरी रद्द, गाडी 'डेपो'ची पाटी लावून निघते. थांब्यावर पन्नास माणसं उभी आणि समोरून रिकामी गाडी दिवे लावून जाते. तुम्ही सगळ्यांनी हे पाहिलंय. तुम्ही त्या चालकाला शिव्या दिल्यात. त्याची काहीही चूक नव्हती. त्या पन्नास माणसांना कागदावरच्या चाळीस मिनिटांनी सोडून दिलं होतं.

आता खरा वेळ किती लागतो हे शोधायला पथक नेमावं लागत नाही. वाहकाच्या तिकीट मशीनमध्ये प्रत्येक तिकिटाची वेळ आणि टप्पा नोंदलेला असतो. पहिल्या टप्प्याची तिकिटं कधी फाटली, शेवटच्या टप्प्याची कधी फाटली, हे काढलं की गाडी कुठे, किती वाजता, किती रखडली ते मिनिटांत कळतं. ती नोंद रोज रात्री डेपोत उतरवून घेतात, पैशांचा हिशेब जुळवतात आणि वेळेचा रकाना कुणी उघडून बघत नाही. मी बघितला. तासातासाचा वेळ काढला. पहाटे अठ्ठावीस, दुपारी अडतीस, संध्याकाळी बासष्ट. त्यावर नवं वेळापत्रक बसवलं. एकही गाडी वाढवायची नव्हती. सकाळी वाचणाऱ्या वेळात जादा फेऱ्या बसत होत्या, संध्याकाळी रद्द होणाऱ्या फेऱ्या आधीच खऱ्या वेळेनं लावल्यामुळे टिकत होत्या.

फाइल निघाली. पहिल्या टेबलावर शेरा आला, 'कामगार संघटनेचे म्हणणे घ्यावे'. घेतलं. त्यांचे पुढारी म्हणाले, साहेब, सकाळी टोकाला मिळतात ती दहा-पंधरा मिनिटंच आमची. संध्याकाळी तर स्टिअरिंगवरून उठताही येत नाही, ती मिनिटं काढून घेऊ नका. मला पटलं. माणूस आहे तो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर टोकाला दहा मिनिटं विश्रांती पक्की लिहिली. मग महिला वाहकांनी विचारलं, दहा मिनिटं थांबून करायचं काय, तिथे स्वच्छतागृह कुठंय? खरंच नव्हतं. वसाहतीच्या टोकाला एक पत्र्याची टपरी, एक बाकडं, नियंत्रकाचं टेबल. बायका सकाळी पाणी न पिता ड्यूटीवर यायच्या. हे मी ऐकीव सांगत नाही, माझ्यासमोर सांगितलेलं आहे.

झालं. वेळापत्रकाची फाइल स्वच्छतागृहाची फाइल झाली. ती बांधकामाकडे गेली. जागा कुणाची? परिवहनची नाही, उद्यान विभागाची. उद्यान म्हणालं, आराखड्यात नाही. पाण्याची जोडणी कोण देणार, मलनिस्सारण वाहिनी कुठून नेणार, देखभाल कोण करणार. दरम्यान प्रवाशांच्या तक्रारी वाढल्या, बैठक झाली आणि तोडगा निघाला. काय तोडगा? त्या मार्गावर दोन गाड्या वाढवा. वाढवल्या. त्या दोन्हीही संध्याकाळी त्याच कोंडीत, बाकीच्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. दोन गाड्या, म्हणजे मघाच्या हिशेबानं दहा घरांचे पगार, दर महिन्याला, कायमचे. का, तर एक स्वच्छतागृह बांधलं नाही. मी निवृत्त झालो तेव्हा कागदावर चाळीस मिनिटंच होती.

मला याचा अजून राग येतो, आणि तो यावा असंच मला वाटतं. परिवहनचा पैसा चोरीनं जातो असं लोक म्हणतात. चोरीला पकडायला भरारी पथकं असतात. पण अशा गळतीला कुणी पकडत नाही, कारण ती कुठल्याच लेखाशीर्षात दिसत नाही. स्वच्छतागृह खर्चात दिसतं. उभी बस दिसत नाही.

थोडं थांब्यावर येऊ. संध्याकाळी मानपाड्याला उभे राहा आणि एकाच गाडीकडे नीट बघा. थांब्याच्या तोंडाशी शेअर रिक्षांची रांग. त्यामुळे बस कडेला येऊ शकत नाही, दुसऱ्या लेनमध्ये थांबते. लोक रिक्षांच्या फटीतून रस्त्यावर उतरतात. एखाद्या आजी आधी पिशवी वर ठेवतात, मग दांडा धरतात, मग एक पाय. ती पहिली पायरी गुडघ्याएवढी. केंद्राच्या २००८ च्या शहरी बस मानकांत तळाच्या तीन उंच्या आहेत, ४०० मिलिमीटर, ६५० आणि ९००. ९०० ची गाडी म्हणजे आत जायला जिनाच. आजी चढेपर्यंत मागचे दहा जण खोळंबतात, बसमागच्या गाड्या हॉर्न वाजवतात, आजींना ओशाळल्यासारखं होतं. काकू, तुम्ही ओशाळायचं काही कारण नाही. तुम्ही सावकाश नाही, गाडी चुकीची घेतलीय. ४०० ची गाडी महाग आहे म्हणून घेत नाहीत, पण प्रत्येक थांब्यावर पंधरा-वीस सेकंद वाचली तर चाळीस थांब्यांच्या मार्गावर एका बाजूनं दहा मिनिटं होतात. मघाच्या उदाहरणात दहा मिनिटांची किंमत एक गाडी होती. म्हणजे महाग काय आहे ते ठरवा.

वाहकाबद्दलही बोललं पाहिजे, कारण 'वाहक काढा, पैसे वाचवा' हे सध्या फार ऐकू येतं. आपला वाहक गाडी चालू असताना तिकीट फाडतो. त्यामुळे तिकिटासाठी गाडीला थांबावं लागत नाही. तो काढला आणि तिकीट देण्याचं काम चालकावर टाकलं, तर प्रत्येक थांब्यावर सुट्ट्या पैशांचा घोळ संपेपर्यंत गाडी जागची हलणार नाही. पगार वाचला, मिनिटं गेली. लंडनमध्ये नियमित मार्गांवरच्या शेवटच्या वाहकवाल्या जुन्या दुमजली गाड्या २००५ च्या डिसेंबरात थांबल्या आणि २०१४ च्या जुलैपासून बसमध्ये रोख पैसेच बंद झाले. तोवर तिथे जवळपास सगळा प्रवास कार्डावर आला होता. आपल्याकडे हे उद्या होणार नाही. पण स्टेशनबाहेर बस सुटतात त्या सॅटिसच्या पुलावर संध्याकाळी रांगा लागलेल्या असतात, तिथे गाडी लागायच्या आधीच रांगेत तिकिटं द्यायला काय हरकत आहे? बेस्टनं काही मार्गांवर थांब्यावर वाहक उभे करून तिकिटं दिली आहेत. आणि भाडं पाचच्या पटीत ठेवा. बेस्टनं २०१९ मध्ये पाच, दहा, पंधरा, वीस असे टप्पे केले, त्यातला सुट्ट्या पैशांचा फायदा कुणी मोजला नाही, पण कुठल्याही वाहकाला विचारा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं राहिली म्हणून. आता यादी भराभर सांगतो.

पहिलं, तीन गाड्या एकदम येण्याचा रोग. गाडी जरा उशिरा झाली की पुढच्या थांब्यावर जास्त माणसं साचतात, ती चढेपर्यंत आणखी उशीर होतो आणि मागची रिकामी गाडी तिला गाठते. दर दहा मिनिटांनी नियमित गाडी आली तर तुम्ही सरासरी पाच मिनिटं थांबता. त्याच गाड्या वीस मिनिटांनी जोडीनं आल्या तर दहा मिनिटं. खर्च तेवढाच, वाट बघणं दुप्पट. म्हणून जिथे गाडी भरपूर आहे तिथे नियंत्रकानं घड्याळाची वेळ न धरता पुढच्या गाडीपासूनचं अंतर धरून गाडी सोडावी. २०१९ पासून नव्या सार्वजनिक वाहनांना माग दाखवणारं यंत्र सक्तीचं आहे. ते यंत्र नुसतं लावून ठेवायला नाही. त्याचा पडदा टोकाच्या नियंत्रकासमोर हवा.

दुसरं, रिकामे किलोमीटर. वागळे इस्टेटच्या डेपोतून पहाटे रिकामी गाडी घोडबंदरच्या टोकाला नेऊन पहिली फेरी सुरू करायची आणि रात्री रिकामी परत आणायची, हे बंद करता येतं. एसटीची मुक्कामी गाडी आठवा. रात्री शेवटची फेरी गावात, चालक-वाहक तिथेच झोपणार, पहाटे तिथूनच पहिली गाडी. शहराच्या टोकाला रात्री गाड्या लावायला राखलेली, कुंपणाची जागा दिली की हेच साधतं. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिथे चार्जर हवेत. आणि सगळं चार्जिंग रात्रीच का? केंद्राच्या २०२३ च्या नियमांनी सौर तासांतला, म्हणजे दिवसा ऊन असतानाचा, वीजदर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवायचं धोरण घातलं. दुपारी बारा ते चार आपल्या कितीतरी गाड्या नाहीतरी उभ्या असतात किंवा रिकाम्या धावतात.

तिसरं, ड्यूट्या. गर्दी सकाळी आणि संध्याकाळी, आणि माणसं मात्र सरळ आठ तासांना लावलेली, म्हणून दुपारी रिकाम्या गाड्या धावतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाचं काम दोन भागांत विभागायला वाव ठेवला होता, सगळं मिळून बारा तासांच्या आत. पण ही दुभंगलेली ड्यूटी सक्तीनं लावू नका. जे घ्यायला तयार असतील त्यांना भत्ता द्या, मधल्या वेळात आडवं होता येईल अशी खोली द्या. आणि हो, स्वच्छतागृह.

चौथं, रस्ता. बसमार्गिका म्हटलं की पुण्याची बीआरटी काढतात, २००६ ची, कात्रज-हडपसरची, आणि 'फसलं' म्हणून मोकळे होतात. मी अख्खा रस्ता मागत नाही. माजिवड्याच्या, कापूरबावडीच्या चौकाआधी दीडशे-दोनशे मीटर, तेही गर्दीच्या तासांत. गाडी रांगेला वळसा घालून सिग्नलच्या तोंडाशी पोचली की एका चौकात दोन सिग्नल वाचतात. याला पांढरा रंग आणि एक वाहतूक पोलीस एवढंच लागतं.

पाचवं, थांबे. जवळजवळचे थांबे एकत्र करावे लागतील. हे तुमच्यासमोर म्हणायला जड जातं, कारण चालावं तुम्हालाच लागणार. म्हणून अट घाला: रुग्णालय, बाजार, शाळा, यांच्यासमोरचा थांबा हलणार नाही आणि उरलेल्यांत कुणाला दोनशे मीटरहून जास्त चालावं लागणार नाही. काढलेल्या थांब्याच्या बदल्यात शेजारच्या थांब्यावर छप्पर, बाक आणि रिक्षांपासून मोकळा कठडा मिळालाच पाहिजे.

सहावं, मेट्रो चार. घोडबंदर रोडवर ती धावू लागली की तिच्या पायाखालून तीच लांब फेरी मारणं सोडून गाड्या आतल्या बाजूंना वळवा, कोलशेत, ढोकाळी, वाघबीळ, ओवळा. छोट्या फेऱ्या, लवकर परत. त्याच गाड्यांत दुप्पट फेऱ्या होतील.

सातवं, सवलती. एसटीनं २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना मोफत प्रवास दिला आणि २०२३ मध्ये महिलांना अर्ध तिकीट. राज्यानं सवलत जाहीर केली की भरपाई राज्यानं देणं रास्त. शहरातल्या बसच्या सवलतींचंही तसंच व्हावं. जी घोषणा करील त्या संस्थेनं त्या महिन्यातच पैसे द्यावेत, नाहीतर सवलत तुम्हाला मिळते आणि पुढच्या वर्षी गाडीच मिळत नाही.

दुसरी चिठ्ठी आली. शेवटचं सांगून बसतो. परिवहन समितीच्या सभेपुढे दर महिन्याला उत्पन्न-खर्चाचा तक्ता जातो. त्याला आणखी एक पान जोडा: प्रत्येक मार्गाला, प्रत्येक तासाला, कागदावर किती मिनिटं आणि प्रत्यक्षात किती. तिकीट मशीनमधून ते एका दिवसात निघतं, खर्च शून्य. त्याचा नमुना मी भरून आणलाय, प्रती मागच्या टेबलावर ठेवल्यात. ज्यांची समितीत कुणाशी ओळख असेल त्यांनी एकेक घेऊन जा. आता प्रश्न विचारा.